भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात एसी घ्यायचा की कूलरच बरा? दुकानात जाण्याआधी हे गणित बघा

३० मे २०२४. नवतपा सुरू होता. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर तापमान थेट ५६ अंश दिसलं आणि त्या आकड्याचे स्क्रीनशॉट विदर्भभरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धडाधड फिरले. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. शहरातल्याच दुसऱ्या केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. पण तोपर्यंत ५६ चा आकडा गावोगाव पोहोचला होता, आणि खरं सांगायचं तर घामाघूम झालेल्या माणसाला तो खोटा वाटतच नव्हता.

असाच एक आकडा दुकानातल्या प्रत्येक एसीच्या मागे उभा असतो. तो चुकीचा नाही. पण तो भंडाऱ्याच्या मे महिन्याचाही नाही. तो आकडा म्हणजे ३५.

एसी किती थंड करतो आणि किती वीज खातो, याची मुख्य चाचणी बाहेर ३५ अंश तापमान आहे असं धरून होते. टन, वॅट, स्टार हे सगळं त्यावरून ठरतं. आता तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूरकडे मे महिन्यात ३५ अंश कधी असतात? सकाळी नऊ-दहा वाजता. दुपारी एसीचं बाहेरचं युनिट ४४-४५ अंशांत उभं असतं, त्यात ते पश्चिमेच्या भिंतीवर लावलेलं असेल तर विचारायलाच नको.

म्हणून "कोणत्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न नंतरचा. त्याआधी दोन प्रश्न आहेत. एसी लागतोच का? आणि लागत असेल तर नेमका कोणत्या महिन्यांसाठी?

कूलर मे महिन्यात हिरो, ऑगस्टमध्ये झिरो

विदर्भात कूलर ही नुसती वस्तू नाही, तो एक वार्षिक सोहळा आहे. मार्चअखेर माळ्यावरून कूलर उतरवायचा, जुन्या ताट्या काढायच्या, नव्या बसवायच्या, पंप चालतो का बघायचं आणि मग खिडकीत चढवायचा. पुण्या-मुंबईकडचे लोक कूलरला हसतात, कारण त्यांच्याकडे तो नीट चालत नाही. आपल्याकडे चालतो. का, ते समजून घेतलं की एसीचा निम्मा निर्णय झाला.

माठातलं पाणी मे महिन्यात गार का लागतं? माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त, तितकं पाणी गार. कूलर म्हणजे हाच माठ, फक्त हवेसाठी. ओल्या ताटीतून गरम हवा खेचायची, पाण्याची वाफ होऊ द्यायची, गार झालेली हवा खोलीत सोडायची.

याला एक मर्यादा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर पारा जिथे येऊन थांबतो, त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही. चांगला कूलर बाहेरचं तापमान आणि हा ओला पारा यांच्यातलं सुमारे ८० टक्के अंतर कापतो.

आता दोन दिवस घेऊ. पहिला दिवस मे महिन्यातला. बाहेर ४४ अंश, हवेत आर्द्रता १५ टक्के. ओला पारा येतो साधारण २३ अंशांवर. म्हणजे कूलरमधून हवा येईल २७-२८ अंशांची. ४४ वरून २७, तेही दोन-अडीचशे वॅटमध्ये. कोणताही एसी इतक्या कमी विजेत हे करू शकत नाही.

दुसरा दिवस ऑगस्टमधला. दोन दिवस पावसाने उघडीप दिलेली. बाहेर ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओला पारा साडेअठ्ठावीसच्या आसपास. तोच कूलर आता हवा देईल साडेएकोणतीस-तीस अंशांची, आणि ती हवा ओलीचिंब असेल. म्हणजे बाहेर दहा अंश कमी असूनही कूलरची हवा मे महिन्यापेक्षा गरम! वर घाम वाळत नाही, चादर दमट, भिंतीला बुरशी.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलाव, वैनगंगा, गोसीखुर्दचं पाणी, आणि पाऊस सुरू झाला की बांधीबांधीत साचलेलं पाणी, कारण हा धानाचा पट्टा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, आणि पावसाने दडी मारली की ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही, हवेत ओलावा भरपूर असतो. कोरड्या उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात दोन वेगवेगळे उकाडे आहेत. एक भाजणारा, एक चिपचिपा. पहिला कूलरच्या आवाक्यातला आहे, दुसरा नाही.

त्यामुळे घर तळमजल्यावर असेल, पाण्याची अडचण नसेल आणि त्रास फक्त एप्रिल-मेमध्ये होत असेल, तर एसीवर ३५-४० हजार घालण्याआधी एक बरा डेझर्ट कूलर घ्यावा आणि त्याची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवावी. अनेक घरांत कूलर "काम करत नाही" त्याचं कारण एवढंच असतं, की दार-खिडक्या बंद करून तो लावलेला असतो. आत गेलेली ओली हवा बाहेर निघाली नाही, तर मे महिन्यातही अर्ध्या तासात ऑगस्ट होतो.

पाण्याचं मात्र बघायला हवं. भर दुपारी मोठा डेझर्ट कूलर तासाला वीस-तीस लिटर पाणी सहज पितो. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात ही चैन नाही, तो मोठा प्रश्न आहे.

मग एसी कोणाला लागतोच?

घरात तान्हं बाळ आहे, बाळंतीण आहे, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आहेत, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेलं कोणी आहे, तर एसीचा विचार करताना "चैन" हा शब्द बाजूला ठेवावा. शरीर स्वतःला थंड ठेवतं ते घाम वाळवून. दमट रात्री घाम वाळत नाही. वय झालेल्या माणसाला घामही कमी येतो आणि तहानही कमी लागते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता सोडत राहिला, तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. अशा घरात सगळ्या खोल्यांमध्ये एसी लागत नाही. एक खोली पुरते, जिथे उन्हाच्या लाटेत सगळं घर झोपू शकेल.

वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली राहणारे, आणि दुपारच्या पाळीत झोपावं लागणारे, म्हणजे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किंवा वरठीच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेले, यांचाही नंबर यात लागतो.

दीड टन खरंच दीड टन असतो का?

टन म्हणजे एसीचं वजन नाही, हे एव्हाना बहुतेकांना माहीत आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या भाषेत साधारण ३,५०० वॅट. त्या हिशोबाने दीड टन म्हणजे सव्वापाच हजार वॅटच्या आसपास.

आता दुकानात जाऊन बीईईचं, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबल नीट वाचा. त्यावर थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. "दीड टन" म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन एसींच्या वॅटमध्ये काहीशे वॅटचा फरक सापडतो. सेल्समन टन सांगेल, तुम्ही वॅट बघा.

पण तेही ३५ अंशांवरचे. बाहेरचं तापमान वाढत गेलं की एसीची थंड करण्याची ताकद कमी होते आणि वीज जास्त लागते. ३५ वरून ४५ अंशांवर गेलं की क्षमता साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरते, वीजही जवळपास तेवढीच वाढते. म्हणजे ५,२०० वॅटचा एसी मे महिन्याच्या दुपारी साडेचार हजार वॅटचा राहतो. दीडचा सव्वा झाला. बॉक्सवर "५२ अंशांतही कूलिंग" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की त्या तापमानात मशीन बंद पडणार नाही. पूर्ण थंड करेल, असं ते म्हणत नाहीत.

म्हणून इथे मोठा एसी घ्यायचा? इथेच लोक फसतात. मे महिन्यासाठी दोन टन घेतला की ऑगस्टमध्ये तोच एसी पाच मिनिटांत खोली गार करून थांबतो. हवेतला ओलावा काढायला मशीनला सतत चालावं लागतं. ते चालतच नाही, त्यामुळे खोली थंडगार पण दमट, तळघरासारखी. पांघरूण घेतलं तर घाम, काढलं तर थंडी.

मे म्हणतो मोठा घे, ऑगस्ट म्हणतो लहान घे. या भांडणाचं उत्तर इन्व्हर्टर एसी. त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद, चालू-बंद करत नाही, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. ३५ अंशांवरच्या क्षमतेपेक्षा थोडी वरची ताकद त्याच्याकडे राखीव असते आणि पावसाळ्यात तो हळू चालून ओलावा ओढत राहतो. विकत घेताना माहितीपत्रकात किमान आणि कमाल क्षमता बघावी. या दोन आकड्यांत अंतर जितकं जास्त, तितका तो भंडाऱ्याच्या हवेला बरा.

ढोबळ अंदाज असा. दहा बाय बाराची खोली, वर मजला आहे, पश्चिमेला मोठी खिडकी नाही, तर एक टन पुरतो. तीच खोली स्लॅबखाली असेल तर दीड टन. बारा बाय पंधराच्या वर गेलात, किंवा हॉल आणि स्वयंपाकघर एकत्र असेल, तर अंदाजावर जाऊ नका, मोजमाप करून घ्या. आणि वर टिन किंवा सिमेंटचे पत्रे असतील, कवेलू असतील, तर आधी छताखाली सीलिंग करून फटी बंद करा. नाहीतर एसी गाव थंड करत बसेल.

पाच स्टार की तीन? उत्तर तुमच्या वापरात आहे

"पाच स्टारच घ्या, बिल वाचतं" हा सल्ला सगळीकडे मिळतो. अर्धा खरा आहे.

लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते लिहिलेलं असतं. हा हिशोब वर्षाला १,६०० तास वापर धरून केलेला असतो, आणि त्या तासांचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या मध्ये वाटलेलं असतं. त्यातले बहुतेक तास ३५ च्या खालचे. दीड टनाच्या एसीत तीन स्टारला साधारण ९५० युनिट आणि पाच स्टारला ७५० युनिट असं धरू. फरक २०० युनिटचा.

पण तुमच्या घरी एसी रोज रात्री आठ तास आणि वर्षात पंचाहत्तर दिवसच चालणार असेल, तर वापर झाला ६०० तास. मग फरक उरतो ७५ युनिटचा. एका युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला ९०० रुपये. दोन मॉडेलच्या किमतीत आठ हजारांचं अंतर असेल, तर ते वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतील. इथला मे तापट असल्याने फरक थोडा जास्त पडेल, पण चित्र बदलत नाही. अशा घराने तीन स्टार इन्व्हर्टर घ्यावा आणि उरलेले पैसे छतावर घालावेत.

उलट ज्या घरात आजारी माणूस आहे आणि एसी एप्रिल ते सप्टेंबर दिवसाही चालणार आहे, तिथे तास १,६०० च्या पुढे जातात. वर्षाला अडीच हजारांच्या आसपास वाचतात, तीन-साडेतीन वर्षांत पैसे निघतात. तिथे पाच स्टार डोळे झाकून.

युनिटला १२ रुपये का धरले? कारण महावितरणचं बिल टप्प्यांनी चढतं. शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. पंखे, फ्रिज, टीव्ही, पंप यांची युनिट आधीच खालच्या टप्प्यात बसलेली असतात. एसीची युनिट त्यांच्या डोक्यावर चढतात, म्हणजे घरातल्या सगळ्यात महागड्या दराने. तुमच्या मागच्या मे महिन्याच्या बिलावर वरचा टप्पा कोणता लागला ते बघा, आणि १२ च्या जागी तो दर टाकून हेच गणित पुन्हा करा.

लेबल बघताना त्यावरचं वर्षही बघा. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, १ जानेवारी २०२६ पासून पुन्हा झाले. गोदामातला जुना पाच स्टार आणि नवा पाच स्टार एकच नाहीत. दुकानदार "मागच्या वर्षीचा आहे, सूट देतो" म्हणाला तर घ्यायला हरकत नाही, पण स्टार न मोजता वर्षाची युनिट ताडून बघा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, हे बिल हातात घेताना लक्षात असू द्या.

मशीनपेक्षा महत्त्वाचं: वायर, भिंत आणि छत

एसी चांगला निघाला आणि वायरिंग जुनं निघालं, तर सगळं पाण्यात. दीड टनाच्या एसीला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट आणि खरोखर जमिनीत गेलेली अर्थिंग. पंख्याच्या बोर्डातून एक्स्टेंशन काढून एसी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहिलेलं असलं तरी तो एसी किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हा आकडा विचारा. तुमच्याकडे त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर घ्याच.

बाहेरचं युनिट शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत, पण मोकळ्या हवेत. चोरीच्या भीतीने काहीजण त्याला तिन्ही बाजूंनी जाळी-पत्र्यात बंद करतात. मग ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. बाहेर ४४ आणि युनिटभोवती ५०. राईस मिलजवळ राहणाऱ्यांनी कोंड्याच्या धुळीचं बघावं. उन्हाळी धानाची मळणी झाली की कॉइलवर भुशाचा थर बसतो. पाण्याच्या साध्या धारेने तो धुतला तरी फरक जाणवतो. आणि दरवर्षी "गॅस टाकावा लागतो" असं कोणी सांगत असेल तर सावध. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधायला सांगा. म्हणूनच कॉइल तांब्याची असलेली बरी, इथला मेकॅनिक ती जोडू शकतो.

छताचं तर बोलायलाच हवं, कारण सगळ्यात स्वस्त एसी तिथे आहे. भर उन्हात स्लॅब तापतो आणि रात्रभर शेगडीसारखा उष्णता सोडतो. त्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग मारला, तर खालची खोली दोन-तीन अंशांनी खाली येऊ शकते. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र 'कूल रूफ' धोरणच आणलं. आपल्याकडे सरकार येईपर्यंत थांबायची गरज नाही, मार्चमध्ये चुन्याची पोती आणि एक रविवार पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी किंवा तट्ट्या लावा. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोपर्यंत उष्णता काचेतून आत आलेली असते.

एसी लावल्यावर २६ अंश आणि वर पंखा मंद. सरकारने २०२० पासून नव्या एसीला सुरुवातीचं सेटिंग २४ चं बंधनकारक केलंय ते उगीच नाही. बीईईच्या हिशोबाने एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त मशीन जास्त वेळ धापा टाकतं.

कूलर विकू नका

एसी आला की कूलर भंगारात काढायची घाई होते. तसं करू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी छपरीत, हॉलमध्ये कूलर, आणि मृगाच्या पावसानंतर खोली बंद करून एसी, ही भंडाऱ्यातली सगळ्यात स्वस्त जोडी आहे. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी मात्र कधीच लावायचे नाहीत. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो, आणि दोघांचं बिल तुम्ही भरता.

कूलरच्या लोखंडी टपात पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतच असतात, आणि त्यात लहान मुलं जास्त असतात. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर करंट गळताच वीज क्षणात तुटते. एसीच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन घरी येणारच आहे, त्याच फेरीत हे काम उरकून घ्या.

आणि पहिला जोराचा पाऊस झाला की कूलर पूर्ण रिकामा करून, टप पुसून, वाळवून ठेवा. तळाशी चार बोटं पाणी राहिलं तरी डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला तेवढं पुरतं.